पाण्याचे माप आणि आपली जबाबदेही



दिव्य कुरआनची 83 वी सूरह ‘अल-मुतफ्फिफीन’ मापात खोट करणाऱ्यांना विनाशाची ताकीद देते. असे लोक स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि दुसऱ्याला देताना माप कमी भरतात. ही ताकीद केवळ दुकानाच्या तराजूपुरती आहे काय? शहरसुद्धा माप घालत असते. पाण्याचे, औषधोपचाराचे, शिक्षणाचे.

मुंबईचेच पाहा. महापालिकेच्या निकषात इमारतीतील माणसासाठी रोज 135 लिटर, तर झोपडपट्टीतील माणसासाठी 45 लिटर पाणी धरले गेले. तहान दोघांची एकच. माप मात्र तिसरा हिस्सा! 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. त्याच विभागातील देवनारमध्ये 1927 पासून शहराचा कचरा टाकला गेला. आणि ज्या शहापूर तालुक्यातील भातसा, तानसा धरणांतून मुंबईला पाणी येते, तेथील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांची भागीदारी आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मदीनेत रूमा नावाच्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती स्वतःच्या पैशाने घेऊन सर्वांसाठी खुली केली आणि आपला वाटा इतरांइतकाच ठेवला. दान देऊनही त्यांनी विशेष हक्क सांगितला नाही, याचा विचार करा.

म्हणून आपली जबाबदेही दुहेरी आहे. पहिली स्वतःच्या घराची. नळाला मोटार लावून पाणी ओढले की गल्लीच्या टोकाच्या घरी थेंबही पोहोचत नाही. त्या पाण्याने केलेल्या वुजूचा हिशेब अल्लाहपुढे कसा देणार?

दुसरी जबाबदेही वस्तीची. सबील लावणे पुण्याचे आहे. पण न्याय्य वाटा मागणे हेही कर्तव्य आहे. घर अनधिकृत असले तरी माणसाचा पाण्याचा हक्क संपत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये मान्य केले. तेव्हा विभाग कार्यालयात अर्ज घेऊन जाल, तेव्हा तो केवळ आपल्या घराचा वा आपल्या समाजाचा नसावा. शेजाऱ्याचा धर्म न विचारता सर्व गल्लीचा असावा.

अल्लाह आपणास पुरे माप देणारे आणि न्यायासाठी उभे राहणारे बनवो. आमीन.