मागणारे मांजर आणि देणारा गृहस्थ

दारी आलेल्या भुकेल्या जीवास विन्मुख पाठवू नये, ही शिकवण आपणा सर्वांस लहानपणीच मिळालेली असते. परंतु तोच जीव दिवसातून वीस वेळा येऊ लागला आणि न दिल्यास नखांनी ओरबाडू लागला, तर गृहस्थाने काय करावे? मागील एकादशीस मंदिरात एका भगिनीने आम्हांस हा प्रश्न विचारला. जीव म्हणजे त्यांच्या घरचे मांजर. ऐकणारे हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण याच प्रश्नाने एके काळी आम्हांस पुष्कळ शिकविले होते.

धारवाडातील आमच्या जुन्या कौलारू घरी एक करड्या रंगाची मांजरी आपण होऊन राहावयास आली. पहाटे चार वाजता ती दारावर नखे घाशी. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच पायांत घोटाळे. लिहावयास बसावे तर वेताच्या खुर्चीची वीण उसवी, आणि तरीही आम्ही मान वर न केल्यास पोटरीवर पंजा मारी. आम्ही कधी लाडाने, कधी चरफडत, पण उठून वाटीत दूध घालीत असू. आणि ही आपली भूतदया, असे समजत असू.

मांजराचा दोष काढण्यापूर्वी त्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. नखे घासणे हा त्याचा उपद्व्याप नव्हे, देहधर्म आहे. त्याने नखांवरील जुने कवच गळून पडते, अंग ताणले जाते, आणि पंजातील ग्रंथींचा गंध मागे राहून जागेवर आपली खूण होते. ओरडण्याची गोष्ट निराळी. प्रौढ मांजरे आपसांत फारसे म्यांव म्यांव करीत नाहीत. ती भाषा मुख्यतः माणसासाठी असते. इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली दाखविले की, अन्न मागताना मांजराच्या घुरघुरीत एक उंच, रडका स्वर मिसळलेला असतो आणि ऐकणाऱ्यास तो अधिक निकडीचा वाटतो. या कौशल्यास धार येते ती मात्र आपल्यामुळे. ज्या प्राण्यास कधी मिळते, कधी मिळत नाही, तो मागणे सहजासहजी सोडीत नाही, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी सिद्ध केले. नऊ वेळा हाकलून दहाव्या वेळी वाटी भरणारा गृहस्थ मांजरास संयम शिकवीत नाही, चिकाटी शिकवितो.

मग आमचे ते दूध दान होते काय? भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगितले आहेत. स्थळ, काळ व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. मोबदल्याच्या आशेने किंवा कष्टी मनाने दिलेले ते राजस. आम्ही मनाशी प्रामाणिकपणे विचार केला तेव्हा आमचा मोबदला आम्हांस स्पष्ट दिसला. तो म्हणजे पहाटेची झोप आणि दुपारची शांतता. दक्षिणेतील श्रीवैष्णव परंपरेत मार्जारन्याय प्रसिद्ध आहे. मांजरी पिल्लास मानगुटीस धरून सुरक्षित जागी नेते. पिल्लाला काही मागावे लागत नाही. ईश्वराची कृपा तशीच असते, असा त्याचा आशय. ज्या प्राण्याने आचार्यांस न मागता देण्याचा दृष्टांत पुरविला, त्याच प्राण्यास आमच्या घरी मागितल्यावाचून काही मिळत नव्हते!

तेव्हा आम्ही रीत बदलली. हुबळीच्या सिद्धारूढ मठात अन्नदासोहाची परंपरा आहे. तेथे भुकेल्यास आक्रोश करावा लागत नाही, कारण पंगत बसणार हे त्यास ठाऊक असते. घरीही तसेच करावयाचे ठरले. दिवसातून चार ठराविक वेळा, थोडे थोडे, तिने मागण्यापूर्वी अन्न द्यावयाचे. ओरडल्यास वा ओरबाडल्यास काही नाही. रागावणेही नाही, कारण रागावणे हेही लक्ष देणेच होय. ती शांत बसली असता मात्र आपण होऊन जवळ घ्यावयाचे, सायंकाळी दोरीशी खेळवावयाचे. खुर्चीशेजारी जाड सुतळी गुंडाळलेला एक खांब उभा केला. पहिल्या आठवड्यात आकांत वाढला, मग ओसरला. खुर्ची वाचली.

तथापि अन्नासाठी ओरडणे पुरते थांबले नाही. ही निव्वळ हाव, असे आम्ही ठरविले. आमच्या निग्रहाचा आम्हांस थोडा अभिमानही वाटू लागला होता. एके दिवशी ओळखीच्याच पायरीवर ती धडपडली. दुसऱ्या दिवशी उडी चुकली. पशुवैद्यांनी तिचे डोळे तपासून विचारले, “हिला खावयास काय घालता?”

“दूधभात, दहीभात. आमचे घर शाकाहारी आहे.”

“घर शाकाहारी असेल,” ते म्हणाले, “मांजर नाही.”

मांजराच्या शरीरास टॉरिन नावाचे द्रव्य पुरेसे तयार करता येत नाही. निसर्गतः ते त्यास मांसातून मिळते. ते न मिळाल्यास डोळ्यांतील दृष्टिपटल झिजते. त्याच्या अभावी हृदयही दुबळे होते, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८७ साली उघडकीस आणले. म्हणजे जिला आम्ही हावरी म्हणत होतो, ती भरल्या वाटीपुढे उपाशी होती. योग्य आहार सुरू केल्यावर उरलेली दृष्टी टिकली; गेलेली परत आली नाही.

प्रथम आम्ही न पाहता दिले, पुढे न पाहता नाकारले. दोन्ही वेळा आमची नजर स्वतःकडे होती. आधी स्वतःच्या सुखाकडे, नंतर स्वतःच्या नियमाकडे. शाकाहाराचे व्रत आम्ही घेतले होते, तिने नव्हे. मांजराचे अन्न घरात आणणे ही हिंसा नव्हे काय, असे कोणी विचारील. त्यात हिंसेचा अंश आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ज्यास ते सर्वथा असह्य असेल त्याने मांजर पाळू नये. परंतु पाळल्यावर आपल्या सोवळ्याची किंमत त्याच्या डोळ्यांनी वसूल करू नये. आम्ही मागच्या पडवीत तिचे भांडे वेगळे ठेविले. तिची वाढती ओरड कमी झाली ती तेव्हाच.

कंटाळून मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडणारेही आढळतात. उपासमार होईल अशा रीतीने प्राण्यास टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते पापच असते.

त्या भगिनीस आम्ही एवढेच सांगितले: वेळ ठरवा, खांब उभा करा, ओरडण्यास भुलू नका. पण त्याआधी एकदा मांजरास पशुवैद्यांकडे न्या आणि ते काय खाते ते सांगा. पुन्हा पुन्हा मागणारा जीव, मग तो मांजर असो, लेकरू असो वा घरातील वृद्ध असो, काय मागत आहे हे शांतपणे पाहिल्यावाचून त्यास देऊही नये आणि नाकारूही नये.