अंतर आणि सबब

मुंबई आणि लंडन येथील विमानतळांमधील अंतर, पृथ्वीच्या गोलावरून जवळात जवळच्या मार्गाने मोजले, तर सुमारे ७२०० किलोमीटर भरते. हा आकडा कधी बदलत नाही. बदलत आला आहे तो काळ. १८८८ साली ४ सप्टेंबरला मोहनदास गांधी मुंबईहून बोटीने विलायतेस निघाले, तेव्हा त्या प्रवासास काही आठवडे लागत. १९४८ साली ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून उडाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला उतरले. आज तोच प्रवास वाटेत न थांबता सुमारे दहा तासांत होतो.

हा काळही स्थिर नाही. उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वारे जाताना विमानास अडवितात आणि परतताना पाठीशी राहतात. म्हणून जाण्यापेक्षा येणे लवकर होते. २०१९ साली पाकिस्तानने आपली हवाई हद्द काही महिने बंद ठेवली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला. सारांश, अंतर निसर्गाचे असते. तास मात्र वारा, यंत्र आणि राजकारण ठरवितात.

परंतु तास कमी झाल्याने आणखी एक गोष्ट घडली आहे. गांधींच्या मातोश्री निवर्तल्या तेव्हा ते विलायतेत होते. वडीलबंधूंनी ती वार्ता त्यांना कळविली नाही. १८९१ साली मुंबईस परतल्यावर ती त्यांना समजली. मुलगा अंत्यदर्शनास का आला नाही, असे कोणी विचारणे शक्यच नव्हते. समुद्रानेच त्याचे उत्तर देऊन ठेवले होते.

आज समुद्र कोणाच्याही वतीने उत्तर देत नाही. पूर्वी ‘येऊ शकला नाही’ असे म्हणत. आता ‘आला नाही’ असे म्हणतात. क्रियापदातील हा लहानसा फरक घराघरांत कायमचे शल्य ठेवून जातो. जेथे निवड करणे हाती येते तेथे कर्तव्यही येते, हे खरे. परंतु विमानाचे दहा तास म्हणजे सगळे अंतर नव्हे. व्हिसा, रजा, तिकिटाचे पैसे, जाऊन पुन्हा परत येता येईल की नाही ही धास्ती, यांचा हिशेब कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो. शिवाय त्याच गावात राहूनही महिनोन् महिने आईच्या दाराशी न फिरकणारा मुलगा आपल्या परिचयाचा असतोच.

तेव्हा दूर असलेल्याने किलोमीटरची सबब पुढे करू नये आणि घरी असलेल्यांनी तासांच्या मापाने माया मोजू नये. विमानाने माणसाला जवळ आणण्याची सोय केली आहे. जवळ यावयाचे की नाही, आणि न आलेल्याला समजून घ्यावयाचे की नाही, हे प्रश्न मात्र त्याने आपल्याकडेच ठेवले आहेत.