आग्रह

साप पाळणाऱ्याला हमखास पडणारा एक प्रश्न असा : साप कात टाकण्याच्या बेतात असताना त्याला खायला द्यावं का? वरवर पाहता हा प्रश्न पशुवैद्यकाचा. मला तो नीतीचाही वाटतो.

मी ओहायोत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्याकडे कॉर्न स्नेक जातीची एक मादी आहे. रूममेट शहर सोडून गेला, तेव्हा ती माझ्याकडे राहिली. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. (भारतात आपल्याकडचे साप घरी पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.)

कात टाकायच्या आधी तिचा रंग फिका पडतो आणि डोळे निळसर, दुधट होतात. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तोही कातेबरोबर निघतो. जुन्या आणि नव्या थरांमध्ये द्रव साठला की डोळा धूसर दिसतो. काही दिवसांनी तो पुन्हा स्वच्छ होतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कात पडते. या काळात सापाला नीट दिसत नाही, तो लपून राहतो, हात लावलेला त्याला खपत नाही. काही साप तेव्हाही खातात, बरेचसे खात नाहीत. निरोगी, प्रौढ सापाचं त्याने काही बिघडत नाही. अंगाची ऊब तो बाहेरून घेतो, त्यामुळे त्याला अन्न कमी लागतं. एरवीही माझी साप आठ-दहा दिवसांतून एकच उंदीर खाते. या दिवसांत तिची गरज वेगळी असते : पाणी, पेटीत पुरेसा ओलावा, अंग घासायला खडबडीत लाकूड.

इतकं स्पष्ट असताना प्रश्न उरतो, कारण मी मराठी घरात वाढलो आहे. आपल्याकडे माया ताटात वाढली जाते. ‘जेवलास का?’ हे आपण ‘बरा आहेस ना?’ या अर्थी विचारतो. पंगतीत ‘नको, नको’ म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक जिलबी पडते, आणि ते ‘नको’ कुणी खरं मानत नाही. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, “तुझी नागीण जेवली का रे?” नाही म्हटलं की लगेच, “अरे, समोर ठेवून तरी बघ.”

या ‘ठेवून तरी बघ’ची किंमत एक उंदीर असते. सापांच्या खाद्यासाठी वाढवलेले, मारून गोठवलेले उंदीर इथे विकत मिळतात. जिवंत उंदीर सापाला चावू शकतो, म्हणून मी हेच आणतो. एकदा बाहेर काढून ऊन केलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नसतो. सापाने तोंड फिरवलं की तो कचऱ्यात जातो.

कुणी म्हणेल, उंदीर तर आधीच मेलेला आहे. खरं आहे, पण मी एक फेकला की पुढच्या ऑर्डरमध्ये एक वाढतो. कुणी म्हणेल, जीवावर जीव जगतो, हा निसर्गच आहे. रानात तसं असेल. तिथे सापाच्या वतीने पैसे मोजणारा कुणी नसतो. इथे तो मी आहे. उंदराचा जीव सापाच्या भुकेसाठी गेला, असं मी स्वतःला कसंबसं समजावू शकतो. माझी हुरहुर शमावी म्हणून गेला, हे समजावता येत नाही.

नागपंचमीच्या दुधाचं तरी वेगळं काय होतं? दूध हे सापाचं अन्न नाही. गारुडी त्याला तहानलेला ठेवत, म्हणून तो समोर येईल ते पीत असे. पुण्य देणाऱ्याला मिळायचं आणि त्रास सापाला व्हायचा. आपल्या आग्रहात श्रद्धा असो वा माया, घेणाऱ्याला काय हवं हे त्याच्याकडे बघूनच ठरवायला हवं.

अर्थात न देणं ही उपेक्षाही असू शकते. दोन्हींतला फरक लक्ष ठेवण्याचा आहे. मी तिचं वजन करतो, कात अखंड निघाली का, डोळ्यांवरचे खवले सुटले का, ते पाहतो. कात पडली की एक-दोन दिवस थांबून उंदीर देतो. त्यानंतरही ती खात नसेल आणि वजन उतरत असेल, तर पशुवैद्याकडे जायला हवं.

या सगळ्यामागे एक मोठा प्रश्न उभाच आहे : साप पाळायचाच कशाला? पेटीत जन्मलेल्या सापाला रानात सोडून देणं ही दया नव्हे, आणि कॉर्न स्नेक पाळलेल्या स्थितीत वीस वर्षंही जगतो. म्हणजे ही जबाबदारी मी निभावणार, पण दुसरा साप मी आणणार नाही. तोवर तिच्यासाठी उंदीर मरणारच आहेत. त्यांतला एकही माझ्या समाधानासाठी मरू नये, एवढं माझ्या हातात आहे.