चालता साक्षी

पाहणारा जागचा हलला नाही तरच त्याला वस्तूचे खरे रूप दिसते, ही समजूत आपल्या धर्मविचारात इतकी मुरलेली आहे की, साक्षी म्हटला म्हणजे तो एका ठिकाणी खिळलेलाच असणार, याबद्दल कोणी दाखला मागत नाही. कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या एखाद्या गच्चीवर मावळतीकडे तोंड करून सरकत्या कॅमेऱ्याने टाइम-लॅप्स घेण्याचा प्रयोग या समजुतीची फेरतपासणी करावयास लावतो. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी स्वहस्ते कॅमेरा घडविला आणि १९२० सालचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट तयार केला, तेथे या यंत्राची थोरवी निराळी सांगावयास नको.

रीत अशी की, मीटरभर लांबीच्या स्लायडरवर कॅमेरा बसवून दर दहा सेकंदांनी एक छायाचित्र घ्यावयाचे आणि दोन चित्रांच्या मधल्या अवकाशात मोटरने त्यास दीड मिलिमीटरहूनही कमी पुढे सरकवून पुन्हा निश्चल होऊ द्यावयाचे. दोन तासांत ७२० चित्रे जमतात व सेकंदास चोवीस या वेगाने दाखविली असता अर्ध्या मिनिटात संपतात. तेवढ्यात सूर्य रंकाळ्याच्या बाजूस झरझर उतरतो, ढग उसळतात, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांतले दिवे एकामागून एक लागतात. परंतु मन गुंतते ते कठड्यालगतच्या पाण्याच्या टाकीत. दिवसभर जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, ती टाकी पडद्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे संथपणे चालत जाते, आणि मागचे डोंगर मात्र आपली जागा सोडीत नाहीत. टाकी तर विटांच्या ओट्यावर पक्की बसविलेली आहे. चालला तो पाहणारा.

नावेतून जाणाऱ्यास तीरावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, त्याचप्रमाणे अचल तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेविले आणि पुढे ब्रह्मगुप्तासारख्या प्रकांड गणित्याने ते अमान्य केले. योगसूत्रांवरील व्यासभाष्य याहूनही सूक्ष्मात शिरते. गतिमान परमाणूस एक स्थान सोडून लगतचे स्थान गाठावयास जो काळ लागतो तो क्षण, अशी व्याख्या करून भाष्यकार म्हणतात की, क्षण वास्तव आहे. परंतु क्षणांचा क्रम, ज्यास आपण मुहूर्त आणि अहोरात्र म्हणतो, तो बुद्धीने एकत्र गुंफलेला आहे. गच्चीवरच्या प्रयोगात हे मत डोळ्यांपुढे उभे राहते. हाती असतात ती सुटी चित्रे, आणि वाहत जाणारी सायंकाळ पाहणाऱ्याची बुद्धी रचते.

मग वेदान्ताने सांगितलेला कूटस्थ, म्हणजे अचल, साक्षी टाकून द्यावयाचा काय? मला तसे वाटत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक लहानसा चित्रपट केला आणि तो पाहून यशवंतराव नाडकर्णींनी त्यांस द्रव्यसाहाय्य केले. तो पाहताना, रोप तेवढे काळाच्या अंमलाखाली आहे आणि आपण त्याबाहेर आहोत, असा भास कोणासही व्हावा. वस्तुतः कोल्हापूरच्या अक्षांशावर पृथ्वी प्रत्येक गच्चीला ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे नेत असते, तेव्हा तिवईवर रोवलेला कॅमेराही अचल नाही. कॅमेरा, नेत्र, आसन घालून बसलेला देह आणि क्रम गुंफणारी बुद्धी ही सारी वेदान्ताच्या हिशेबी दृश्याच्याच खात्यात जमा होतात. साक्षीची अचलता स्थानाची नसल्यामुळे, देह निश्चल केल्याने ती लाभत नाही आणि देह चालल्याने ढळत नाही. म्हणूनच सरकता कॅमेरा मला अधिक प्रामाणिक वाटतो. आपणही दृश्याचाच भाग आहोत, ही गोष्ट तो लपवीत नाही.

अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांस, आणि सूर्याची दक्षिण क्रांती पुन्हा तेवढीच होते म्हणून ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीस, मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि दिवसागणिक देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. ज्यांच्यापाशी साधने आहेत त्यांनी याच दिवसांत आपल्या गच्चीवरून तोच सूर्य, एकदा कॅमेरा रोवून आणि दुसऱ्या दिवशी सरकता ठेवून, अवश्य टिपावा. नोव्हेंबरात येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कॅमेरा पाचच्या आत मांडून ठेवावा.