सूत्र कोणाच्या हाती? : संगणकीय बुद्धिबळ आणि कर्तृत्वाचा प्रश्न

कृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. बुद्धिबळाच्या पटावर तो उभा राहतो तेव्हा मात्र त्याला नैतिक धार येते. संहितेचे श्रेय अनेकांत वाटले गेले तरी वाचकाचे काही हिरावले जात नाही. डावाचा निकाल मात्र कोणाच्या तरी पदरात पडतो आणि कोणाच्या तरी पदरातून जातो. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झालेल्या संगणकीय बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धेतील एक डाव या दृष्टीने विचारार्ह आहे.

अशा जागतिक स्पर्धांची परंपरा १९७४ साली स्टॉकहोम येथे सुरू झाली. तिच्यात प्रोग्रॅम एकमेकांशी खेळत, परंतु पटावरची मोहरी हलविण्यासाठी माणूस लागे. १९९७ साली न्यूयॉर्क येथे कास्पारोव्हला हरविणाऱ्या 'डीप ब्लू'च्या वतीनेही त्याच्या निर्मात्यांपैकीच कोणी ना कोणी समोर बसत असे. या चालकाने यंत्राची खेळी पटावर करायची आणि प्रतिपक्षाची खेळी यंत्राला कळवायची; स्वतः खेळायचे नाही, हे त्याच्या भूमिकेत गृहीत असते.

ग्राझमध्ये व्यावसायिक आणि हौशी असे दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम उतरले होते. 'जॉनी' हा हौशी प्रोग्रॅम बलाढ्य 'श्रेडर'विरुद्ध खेळत होता. श्रेडरची स्थिती जिंकण्याजोगी होती. तथापि त्याच्या रचनेतील एका दोषामुळे पटावरची तीच स्थिती तिसऱ्यांदा आली. नियमानुसार अशा वेळी बरोबरीचा दावा करता येतो. जॉनीच्या पडद्यावर पुनरावृत्तीची सूचनाही उमटली. चालकाने मात्र दावा केला नाही. केवळ यंत्रातील दोषापायी अर्धा गुण मिळवावा, हे त्याला रुचले नाही. डाव पुढे चालला आणि श्रेडर जिंकला. परिणामी श्रेडर आणि 'फ्रिट्झ' यांचे गुण समान झाले आणि निर्णायक लढतीत श्रेडर जगज्जेता ठरला. आक्षेप घेतला गेला. निकाल मात्र कायम राहिला.

चालकाच्या कृतीचे समर्थन सहज करता येते. हौशी माणसाला खेळाचे सौंदर्य निकालापेक्षा मोलाचे वाटते. प्रतिपक्षाच्या यांत्रिक चुकीवर जगणे त्याला कमीपणाचे वाटते. परंतु हे औदार्य कोणाच्या खर्चाने झाले? जॉनीचा अर्धा गुण गेला, हे उघडच आहे. त्याहून मोठी किंमत त्या पटाशी नसलेल्या फ्रिट्झने मोजली. दान देणाऱ्याचे मन निर्मळ असेलही. प्रश्न दिलेली वस्तू त्याची होती का, हा आहे. बरोबरीचा दावा हा खेळाडूचा अधिकार असतो, त्याच्यावरील बंधन नव्हे. म्हणून साऱ्या वादाचा निर्णय एकाच मुद्द्यावर येऊन ठेपतो: येथे खेळाडू कोण?

या प्रश्नाचा एक जुना दाखला सांगलीत आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे बुद्धिबळाचे गाव म्हणून ओळखली जाणारी सांगली मराठी नाटकाचीही जन्मभूमी आहे. १८४३ साली तेथे 'सीतास्वयंवर' सादर करणारे विष्णुदास भावे कळसूत्री बाहुल्याही घडवीत. त्यांच्या नाटकात पदे सूत्रधार गाई आणि पात्रे त्या अनुरोधाने आपली भाषणे उत्स्फूर्तपणे करीत. बाहुलीचे कर्तृत्व पूर्णतः दोरी धरणाऱ्याचे. नटाचे तसे नाही. सूत्र हाती असूनही सूत्रधार नटाच्या मुखीचे वाक्य बोलत नाही. हा संयम हीच त्याच्या भूमिकेची मर्यादा होय. ग्राझच्या चालकाने आपल्या पात्राला मूक केले आणि त्याच्या वतीने स्वतःच उत्तर दिले.

यावर असे म्हटले जाईल की, प्रोग्रॅमला इच्छाच नाही. मग त्याचा अधिकार कसला? हा आक्षेप तपासताना कृष्णाकाठीच, सांगलीच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यातील वाईकडे वळणे उपयुक्त ठरते. तेथील प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी 'मीमांसाकोश' सिद्ध केला. शब्दातील दोष वक्त्यामुळे येतात, ज्या वाक्याला वक्ता नाही ते निर्दोष, असा मीमांसकांचा अपौरुषेयत्वाचा युक्तिवाद आहे. संगणकाची खेळी वरवर अशीच अपौरुषेय भासते. श्रेडरमधील दोष हा भास दूर करतो: तो माणसाच्या हातून राहिलेला दोष होता. जॉनीच्या पडद्यावरची सूचना हीदेखील कोणीतरी आधी विचारपूर्वक लिहून ठेवलेली होती. अर्थात प्रोग्रॅम म्हणजे पूर्वी घेतलेल्या मानवी निर्णयांची संहिता होय. चालक त्या संहितेचा निर्माता असला, तरी स्पर्धा सुरू झाल्यावर तो तिचा वाहक उरतो. निर्मात्याला पुढच्या स्पर्धेपूर्वी संहिता बदलता येते. चालू डावात ती बदलणे म्हणजे आपणच खेळायला बसणे.

मीमांसकांपुरते बोलायचे तर वेदाला कर्ता नसला तरी पाठक असतो, आणि पाठकाने एक स्वरही बदलू नये याविषयी परंपरा विलक्षण दक्ष असते. कर्ता जितका दूर, तितके वाहकाचे उत्तरदायित्व मोठे. १९६७ साली रोलाँ बार्त यांनी लेखकाच्या मृत्यूची कल्पना मांडली, त्यानंतर वाचकाच्या स्वातंत्र्याची चर्चा विपुल झाली; वाहकाच्या जबाबदारीची तितकीशी झाली नाही. हस्तलिखितातील 'उघड' चूक सद्भावनेने, कोठेही नोंद न करता दुरुस्त करणारा संपादक ग्राझच्या चालकाचाच सगोत्र आहे. तोही लेखकावर उपकारच करीत असतो, आणि त्याचे मोल पुढचा अभ्यासक मोजतो.

ग्राझच्या चालकाला दोषी ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. स्वतःचे नुकसान पत्करून घेतलेला निर्णय स्वार्थी म्हणता येत नाही. परंतु निःस्वार्थ कृती न्याय्यच असते, असेही नाही. पडद्यावरची सूचना पंचांपुढे ठेवणे, एवढेच त्याचे कर्तव्य होते. ते रुक्ष होते, त्यात औदार्याला वाव नव्हता. फ्रिट्झला मात्र न्याय मिळाला असता.