'मी'ची जागा

आपली मुले इंग्रजी शिकू लागली म्हणजे पंतोजी त्यांजकडून एक नियम घोकवून घेतात. तो असा की, ज्याच्याशी बोलावयाचे तो आधी, ज्याच्याविषयी बोलावयाचे तो त्याच्यामागून, आणि बोलणारा सर्वांच्या शेवटी: 'यू, ही अँड आय.' आपल्यांत 'मी व माझा भाऊ शेतावर गेलो' असे म्हणणारास कोणी उद्धट म्हणत नाही. इंग्रजीत मात्र भाऊ पुढे, आपण मागे. हा व्याकरणाचा नियम नव्हे, शिष्टाचार होय. व्याकरणाचा प्रश्न 'आय' की 'मी' एवढाच. आणि तिकडचे 'मी' म्हणजे 'मला', हे ऐकून आमची मुले हसतात व पुढे तेथेच चुकतात.

पण शेवटी उभे राहणे म्हणजेच नम्रता काय? लॅटिन भाषेत 'मी' आधी येणे हीच रीत. इंग्लंडात आठव्या हेन्री राजाचा मंत्री कार्डिनल वुल्झी ह्याजवर १५२९ साली अनेक आरोप आले. त्यांत, हॉल नामक बखरकार लिहितो, हाही एक होता की परदेशी पाठविलेल्या लॅटिन पत्रांत तो स्वतःस आधी व राजास मागून लिही. गर्व त्याच्या अंगी पुष्कळ होता. परंतु ह्या एका गोष्टीत बिचारा केवळ व्याकरणास धरून चालला होता!

१६११ सालचे इंग्रजी शास्त्र पाहा. अब्राहाम चाकरांस मागे ठेवून जाताना स्वतःचा उल्लेख आधी करितो, मुलाचा मागून. मूळ इब्रीतही तसेच आहे. मरीया मंदिरात येशूस पाहून बोलते, तेव्हा योसेफ आधी व आपण नंतर. ह्यावरून अब्राहामास गर्विष्ठ कोण म्हणेल? तो तर एकुलता पुत्र अर्पावयास निघाला होता.

आपल्या देशातील शाळांच्या इंग्रजी व्याकरणांत आणखी एक नियम सांगतात: अपराध कबूल करावयाचा असल्यास 'मी' प्रथम घालावा, 'आय अँड यू'. हा नियम आम्हांस पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण तो पाळणे कठीण. एदेन बागेत आदामास विचारणा झाली, तेव्हा त्याने स्त्रीस पुढे केले, ती देणाऱ्या देवासही मध्ये आणिले, आणि 'मी खाल्ले' हे अगदी शेवटी. शिष्टाचाराचा क्रम कसा बिनचूक! आम्ही उपदेशकही मंडळीतील बिघाड सांगताना 'पंच, तरुण मंडळी आणि आम्ही' असेच म्हणत आलो आहो.

मागे एकदा प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दोघा भावांचा बांधाचा तंटा मिटवावयास आम्ही बसलो होतो. दुपार टळली तरी दोघेही हटेनात. शेवटी धाकटा, ज्यास इंग्रजीचे एक अक्षर येत नाही, म्हणाला, "दादा, मी आणि तुम्ही, दोघेही चुकलो." थोरला बराच वेळ खाली पाहत राहिला. मग उठून त्याने मोजणीची दोरी गुंडाळली.