राष्ट्राचे सगुण रूप

निर्गुणाची उपासना बुद्धीला पटली तरी मनाला पेलत नाही, हा भक्तिमार्गाचा जुना अनुभव आहे. आणि ज्या अर्थी डोंगर, नद्या, कायदे, आठवणी व कोट्यवधी अपरिचित माणसे मिळून झालेला देशही कोणा एकाच्या दृष्टीत मावत नाही, त्या अर्थी त्याच्या उपासकांनी त्याला देह, वस्त्र आणि मुद्रा द्यावी यात नवल ते कोणते? विचार करण्यासारखा प्रश्न एवढाच की, अशा रूपांची पारख कोणत्या कसोटीवर करावी.

भारतमातेचे जे रूप आज सर्वपरिचित आहे त्याची बीजे बंगालची. बंकिमचंद्रांच्या १८८२ च्या ‘आनंदमठा’ने मातृभूमीला देवीपद दिले आणि अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली, वंगभंगाच्या धामधुमीत, चारी हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र व जपमाळ घेतलेली भगव्या वेषातील तपस्विनी रंगवली. महाराष्ट्राने त्याच सुमारास जे रूप पुढे आणले ते मात्र पूजेचे नव्हते, तक्रारीचे होते. ‘केसरी’च्या परिवारातले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवधा’त, १९०७ साली, विराटाच्या घरची दासी सैरंध्री, म्हणजे अज्ञातवासातील द्रौपदी, रंगभूमीवर आली आणि कोणाचेही नाव न घेता प्रेक्षकांना तिच्यात परदास्यातील हिंदभूमी, कीचकात लॉर्ड कर्झन, संयमी धर्मराजात नेमस्त आणि भीमात जहाल पक्ष दिसू लागला. सरकारनेही तो अर्थ बरोबर हेरला व १८७६ च्या नाट्यप्रयोगांच्या कायद्याखाली १९१० मध्ये नाटकावर बंदीचा हुकूम बजावला. महाभारतात कीचकाने भरसभेत लाथ मारल्यावर द्रौपदी विराटाच्या न्यायबुद्धीचाच पंचनामा करते आणि तिचा ज्येष्ठ पती, अज्ञातवासाच्या अटीने बांधलेला, तिलाच तेथून निघून जायला सांगतो. तिला हार घालून घरी जाता येत नाही. तिच्यापुढे बसलेला प्रत्येक प्रेक्षक विराटाच्या सभेतला सभासद ठरतो.

याच्याही आधी, १८७३ साली, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त लोकस्मृतीतला आणखी एक पुरुष उचलला होता. पुराणाने पाताळात धाडलेल्या बळीची पुराणावर मात अशी की, शेतकऱ्याच्या घरी दिवाळीत ओवाळताना बायाबापड्या त्याचेच राज्य पुन्हा मागतात. फुल्यांनी या मागण्याला इतिहासाचे बळ दिले आणि बळीला रयतेच्या हिरावलेल्या हक्काचा धनी ठरवले. देशाचे हे रूप पराक्रमी नव्हे, बेदखल आहे. त्याच्या स्मरणाबरोबर जमिनीचा, धाऱ्याचा, सावकाराच्या खात्याचा हिशेब आपोआप समोर येतो.

आणखी एक रूप असे, ज्याला चेहराच नाही. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमात जमिनीवर मातीचा उठावाचा नकाशा केलेला होता. १९१३ च्या कराची काँग्रेसहून परतताना काशीचे शिवप्रसाद गुप्त यांनी तो पाहिला आणि त्यातूनच काशीतील भारतमाता मंदिराची कल्पना त्यांच्या मनात रुजली. महात्मा गांधींनी १९३६ मध्ये उघडलेल्या त्या मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेली अखंड हिंदुस्थानची भूमी आहे. ज्या केशवपन केलेल्या मुलींना समाजाने मंगलकार्यातून हद्दपार केले, त्यांच्या आश्रमातील मातीने देशाला एक देवालय मिळवून द्यावे, ही घटना पुष्कळ विचार करायला लावणारी आहे.

स्वातंत्र्यानंतर देवीचे काम संपले नाही, पण व्यंगचित्राने एक नवा पुरुष उभा केला. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पहिल्या पानावर चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि झुपकेदार मिशा या सरंजामानिशी रोज हजर होऊ लागला, मंत्री बोलत, कारकून बोलत, त्याची बायकोही बोले, तो तेवढा बोलत नसे. पुण्यात सेनापती बापट मार्गावर सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा २००१ पासून उभा आहे. सांख्यांचा पुरुष असाच द्रष्टा, उदासीन आणि अकर्ता. सारी धावपळ प्रकृतीची. मात्र सांख्यांच्या साक्षीला आपले अकर्तेपण उमगले की मोक्ष मिळतो, आणि नागरिकाने तेच पत्करले तर कारभार मोकाट सुटतो, हा भेद नजरेआड करता येत नाही.

टिळकांनी ‘गीतारहस्या’त प्रतीकाविषयी मांडलेला सिद्धांत असा की, प्रतीक म्हणजे परमेश्वर नव्हे, फळ मिळते ते उपासकाच्या भावनेला, म्हणून प्रतीकांवरून भांडणे व्यर्थ. ईश्वराच्या बाबतीत हे निःसंशय मान्य करावे. राष्ट्राच्या बाबतीत ते तसेच्या तसे लावता येईल असे मला वाटत नाही. कारण देवपूजेत भाव चुकला तर तोटा बहुधा पूजकाचा होतो, राष्ट्रपूजेत तो चुकला की त्याची झळ शेजाऱ्याला, म्हणजे त्याच राष्ट्राच्या एका अंशाला, लागते. देवीच्या रूपाने कित्येकांना तुरुंगाची भीती ओलांडण्याचे धैर्य दिले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या आड उभे राहून आपली सत्ता, आपली जात किंवा आपले मत तिच्या नावावर खपवणे भक्ताला फार सोपे जाते, आणि सैरंध्रीच्या किंवा बळीच्या आड असे लपता येत नाही. म्हणून जे रूप भक्ताकडून केवळ नमस्कार घेते त्याहून जे त्याच्याकडे जबाब मागते ते श्रेष्ठ समजावे, आणि कोणतेही एकच रूप राष्ट्राच्या गादीवर कायमचे बसू देऊ नये.